खाणारी तोंडं मोजताना: बायोस्फिअर २ मधल्या हरवलेल्या ऑक्सिजनचं प्रकरण

२६ सप्टेंबर १९९१. अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, ऑरॅकल या गावाजवळ, चार स्त्रिया आणि चार पुरुष काचेच्या एका अवाढव्य इमारतीत शिरले आणि मागे दार लावून घेतलं. दोन वर्षं बाहेर यायचं नाही, बाहेरून अन्न आणायचं नाही, आणि हवाही आणायची नाही, असं ठरलं होतं. सव्वा हेक्टरांहून थोड्या जास्त जागेवर छोटं वर्षावन, प्रवाळ असलेला समुद्र, खारफुटी, गवताळ रान, वाळवंट, शेती आणि राहायची घरं. खाली स्टेनलेस स्टीलचा तळ, वर काच. पृथ्वी हे पहिलं जीवावरण, म्हणून याचं नाव बायोस्फिअर २.

सोळा महिन्यांनी आतल्या हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून १४.५ टक्क्यांवर आला होता. जिने चढताना मध्येच थांबावं लागत होतं. रात्री झोपेत श्वास अडकून माणसं दचकून जागी होत होती. आणि ऑक्सिजन नेमका कुठे चालला आहे, हे ना आतल्यांना सांगता येत होतं ना बाहेरच्यांना.

हे प्रकरण एरवी फसलेल्या प्रयोगाची गोष्ट म्हणून सांगितलं जातं. मला ते तसं वाटत नाही. ऑक्सिजनवर जगणारे जीव म्हणजे नेमके कोण, आणि एकूण खपात कोणाचा वाटा किती, हे इतक्या स्वच्छपणे दाखवणारं दुसरं प्रकरण मला माहीत नाही.

जुनाच प्रयोग, मोठ्या बरणीत

या कल्पनेची मुळं दोनशे वर्षं मागे जातात. १७७१-७२ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जोसेफ प्रिस्टली बंद काचपात्रात उंदीर ठेवून पाहत होते. एकटा उंदीर थोड्याच वेळात गुदमरायचा. सोबत पुदिन्याची डहाळी ठेवली तर तगायचा. जळत्या मेणबत्तीने ‘बिघडलेली’ हवा वनस्पती पुन्हा चांगली करते, हे त्यांच्या ध्यानात आलं. पण प्रयोग कधी साधायचा, कधी फसायचा. १७७९ मध्ये यान इंगेनहाउस यांनी त्यातली गोम दाखवली: हे काम वनस्पतीचा फक्त हिरवा भाग करतो, आणि तोही उजेडातच. अंधारात वनस्पतीसुद्धा उंदरासारखीच हवा बिघडवते. मुळं तर दिवसाही तेच करतात.

ही दुसरी बाजू आपण फार लवकर विसरतो. झाडं ऑक्सिजन देतात, हे शाळेत पक्कं होतं. झाडांनाही ऑक्सिजन लागतो, चोवीस तास लागतो, हे मात्र परीक्षेपुरतं उरतं.

बायोस्फिअर २ ही प्रिस्टलींचीच बरणी होती, फक्त आतल्या हवेचं आकारमान सुमारे २ लाख घनमीटर. ऊन तापलं की हवा प्रसरण पावून काचा फुटू नयेत, म्हणून विल्यम डेम्प्स्टर या अभियंत्याने तिला दोन ‘फुप्फुसं’ जोडली होती. लवचिक पडद्याची ही दोन मोठी दालनं दुपारी वर उचलली जायची आणि रात्री खाली बसायची. त्यामुळे आत-बाहेर दाबाचा फरक फारसा राहत नसे, आणि दाबाचा फरक नाही तर गळतीही थोडी. आतल्या हवेत मुद्दाम सोडलेला एखादा वायू महिन्यागणिक किती विरळ होतो हे मोजून गळती काढली गेली, ती वर्षाला १० टक्क्यांच्या आत होती. इतक्या मोठ्या वास्तूसाठी हे विलक्षण काम आहे. नेमकी गळती कमी होती म्हणूनच पुढचा हिशेब मांडता आला.

आधी नजर दुसरीकडेच होती

पहिल्या दिवसापासून सगळ्यांचं लक्ष कार्बन डायऑक्साइडवर होतं, आणि ते साहजिक होतं. बाहेरच्या हवेत त्या काळी दहा लाख भागांत सुमारे ३५५ भाग कार्बन डायऑक्साइड होता. आत एका दिवस-रात्रीत ६०० भागांपर्यंत चढउतार व्हायचा. उन्हं वर आली की पानं तो शोषून घ्यायची, सूर्य मावळला की माती, मुळं, प्राणी आणि माणसं मिळून तो परत हवेत सोडायची. पृथ्वीवर ही नाडी अजस्र वातावरणात विरून जाते. इथे ती आकड्यांत धडधडताना दिसत होती. हिवाळ्यात दिवस लहान, त्यात १९९१-९२ च्या एल निन्योमुळे आभाळ नेहमीपेक्षा जास्त भरलेलं, आणि काच व लोखंडी सांगाड्यामुळे बाहेरच्या उजेडापैकी निम्म्याच्या आसपासच आत पोचत होता. कार्बन डायऑक्साइड ४००० च्या वर गेला.

आतल्या लोकांनी जमेल ते केलं. रिकामा दिसेल तो कोपरा लागवडीखाली आणला. गवत कापून, वाळवून, कुजणार नाही असं साठवून ठेवलं, म्हणजे नवं गवत वाढताना हवेतला आणखी कार्बन ओढेल. रासायनिक पद्धतीने हा वायू शोषणारं एक यंत्रही होतं, तेही चालवलं.

ऑक्सिजनकडे रोज काळजीने बघावं असं कोणाला वाटलं नव्हतं. त्यामागचा तर्क वरवर पाहता बरोबरच होता. साखर ‘जाळताना’ ऑक्सिजनचा एक रेणू खर्ची पडला की कार्बन डायऑक्साइडचा एक रेणू बाहेर येतो. हवेत ऑक्सिजन दहा लाखांत २,०९,००० भाग. त्यातून तीन-चार हजार वजा झाले तर कोणाला जाणवणार? कार्बन डायऑक्साइड आटोक्यात आहे, म्हणजे ऑक्सिजनही ठीक असणार.

तो ठीक नव्हता. सावकाश, पण न थांबता तो उतरत होता.

शरीराने आधी सांगितलं

१४.५ टक्के ऑक्सिजन म्हणजे नेमकं काय? समुद्रसपाटीला हवेतल्या ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या सुमारे १६० मिलिमीटर असतो. ही जागा आधीच ११०० ते १२०० मीटर उंचीवर. त्यात हे प्रमाण घटल्यावर हा दाब १०० च्याही खाली गेला. साधारण ४००० मीटर उंचीच्या डोंगरावर राहण्यासारखी ही स्थिती, फक्त डोंगर कुठेही नाही. शिवाय हे लोक शेतकरी होते. रोज कुदळ-फावडं, मळणी, जनावरांचं करणं. आणि पोटही पुरतं भरत नव्हतं, कारण शेतीचं उत्पन्न अपेक्षेपेक्षा कमी येत होतं. आठही जणांचं वजन उतरलं होतं.

त्यांच्यातले डॉक्टर रॉय वॉलफर्ड हे मुळात कमी उष्मांकाच्या आहाराचे अभ्यासक. त्यामुळे रक्ताच्या नोंदी नियमित घेतल्या जात होत्या, आणि त्यांतून एक अनपेक्षित गोष्ट निघाली. उंचावर राहणाऱ्या माणसाचं शरीर सहसा तांबड्या पेशी वाढवून कमी ऑक्सिजनशी जुळवून घेतं. इथे ती नेहमीची वाढ दिसलीच नाही. अपुरा आहार आणि विरळ ऑक्सिजन एकत्र आल्यावर शरीराने वेगळाच मार्ग धरला असावा, असा अर्थ अभ्यासकांनी पुढे लावला. मला हा या प्रकरणातला सगळ्यात दुर्लक्षित धागा वाटतो. आठ जणांवरून नियम बांधता येत नाही, हे खरं. पण आठही जण एकाच हवेत, एकाच ताटात जेवणारे असणं हेही पुन्हा जुळून येणारं नव्हे.

आठ जणांतल्या एक, जेन पॉइंटर यांनी नंतर सांगितलं आहे की झोपेत श्वास थांबायचा आणि हवेसाठी धडपडत जाग यायची. यात शरीराची एक अडचण आहे. श्वास घ्यायची आपली हुक्की प्रामुख्याने रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडवर चालते. ऑक्सिजन कमी म्हणून माणूस जोरजोराने श्वास घेतो, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर पडतो, मग मेंदूला वाटतं आता श्वासाची घाई नाही. तो थांबतो. ऑक्सिजन आणखी उतरतो, आणि मग एकदम धाप लागून जाग येते. गिर्यारोहकांना हे ओळखीचं आहे.

हिशेब जुळेना

आता मूळ प्रश्न. ऑक्सिजनची घट ६.४ टक्के, म्हणजे दहा लाखांत ६४,००० भाग. श्वसनाच्या हिशेबाने तितकाच कार्बन डायऑक्साइड हवेत जमायला हवा होता. ६ टक्के कार्बन डायऑक्साइडच्या हवेत महिनोन्‌महिने काढणं माणसाला शक्यच नाही. मोजमापात तर तो अर्धा टक्काही नव्हता. शोषक यंत्राने आणि समुद्राच्या पाण्याने घेतलेला वाटा धरूनही बेरीज जुळत नव्हती. कुठेतरी पाणी मुरत होतं.

वजनात मांडून बघू. हरवलेला ऑक्सिजन भरतो ढोबळमानाने १४ टन. एका माणसाला दिवसाला साधारण ०.८४ किलो ऑक्सिजन लागतो. आठ माणसं, ४८० दिवस: सव्वातीन टनांच्या आसपास. कष्टाची कामं म्हणून थोडं वाढवून धरलं, तरी चौथ्या हिश्श्याच्या फार पुढे जात नाही. आणि हे सव्वातीन टनसुद्धा त्यांच्या नावावर टाकणं अन्यायाचं होईल. ते खात होते ते बहुतेक धान्य तिथेच उगवलेलं. ते वाढताना वनस्पतींनी जेवढा ऑक्सिजन सोडला, जवळपास तेवढाच ते खाऊन-पचवून खर्च होत होता. माणसांचं खातं जवळजवळ शून्यावर बंद होत होतं.

मग १४ टन कोणी घेतले?

मातीतली तोंडं

उत्तर पायाखाली होतं. ही वास्तू दीर्घकाळ चालायची होती, म्हणून शेती आणि वर्षावनासाठी माती भरताना ती सेंद्रिय पदार्थांनी समृद्ध केली होती. वर्षानुवर्षं झाडांना खायला पुरावं हा हेतू. कोणताही चांगला शेतकरी अशा मातीवर खूश होईल. पण झाडांआधी ती माती दुसऱ्यांचं ताट असते. चमचाभर सुपीक मातीत अब्जावधी जिवाणू असतात, शिवाय बुरश्या, आदिजीव, सूत्रकृमी. दलदलीच्या तळाशी ऑक्सिजनविना जगणारे सूक्ष्मजीव असतात खरे, पण मोकळ्या, ओलसर, हवेशीर मातीत राज्य ऑक्सिश्वसन करणाऱ्यांचंच. आणि ते का, हे समजायला सोपं आहे: ग्लुकोजच्या एका रेणूपासून ऑक्सिजनशिवाय पेशीला एटीपीचे (म्हणजे पेशीच्या ऊर्जेच्या चलनाचे) २ रेणू मिळतात, ऑक्सिजनसह सुमारे ३०. अन्न तेच, कमाई पंधरापट. ऑक्सिजन हाताशी असताना तो वापरणाऱ्यापुढे न वापरणाऱ्याचा निभाव लागत नाही.

कोवळी झाडं, अर्धा उजेड आणि खाली वाढलेलं हे अमाप ताट. मातीतले जीव कुजवत होते त्या वेगाने पानं ऑक्सिजन परत करू शकत नव्हती. जमा कमी, खर्च जास्त. तफावत रोज थोडी, पण रोज.

इथे एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते, आणि ती सांगताना बहुतेक जण घाई करतात. ऑक्सिजन १४.५ टक्क्यांवर आल्यावर माणसं थकली. जिवाणू थकले नाहीत. आपल्या शरीरात ऑक्सिजनला लांबचा पल्ला असतो. फुप्फुसातून रक्तात, रक्तातून ऊतींत, तिथून पेशीतल्या तंतुकणिकेपर्यंत, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करणाऱ्या भागापर्यंत. प्रत्येक टप्प्यावर दाब उतरत जातो. तंतुकणिकेपाशी पोचेस्तोवर पाऱ्याचे जेमतेम एक-दोन मिलिमीटर उरतात, आणि तेवढ्यावर तिचं भागतं. म्हणजे आपल्याला मोठा दाब लागतो तो वापरासाठी नव्हे, प्रवासासाठी. जिवाणूला प्रवासच नाही. तो स्वतःच एक पेशी, ऑक्सिजन भिंतीतून थेट आत झिरपतो. त्याच्या दृष्टीने २१ टक्के आणि १४ टक्के यांत जेवणात खंड पडावा असा फरक नाही.

म्हणून या घसरणीला आपोआप लागणारा ब्रेक नव्हता. ऑक्सिजन कमी झाला की खाणारे कमी खातील आणि तोल सावरेल, असं घडण्यासाठी तो अजून कितीतरी खाली जावा लागला असता, माणसाला जगणं अशक्य होईल इतका. एकाच हवेवर जगणाऱ्या जिवांची गरज सारखी असते, पण सहनशक्ती सारखी नसते. आणि ज्याची सहनशक्ती सगळ्यात कमी, त्याचा खपातला वाटा सगळ्यात मोठा असेलच असं नाही. इथे तर नेमकं उलट होतं.

भिंती

पण मातीने ऑक्सिजन घेतला म्हटलं तरी कार्बन डायऑक्साइडचा प्रश्न उरतोच. तो गेला कुठे?

कोलंबिया विद्यापीठातले जेफ सेव्हरिंगहाउस तेव्हा पीएच.डी.चे विद्यार्थी होते; त्यांचे मार्गदर्शक वॉलेस ब्रोकर, समुद्र आणि हवेतल्या कार्बनचे मोठे अभ्यासक. आतून टॅबर मॅक्कॅलम हवेची मोजमापं घेत होते, बाहेर डेम्प्स्टर होते. या मंडळींनी एकेक संशयित तपासला. लोखंड गंजलं असेल, तर कार्बन डायऑक्साइड तयार न होताच ऑक्सिजन खर्ची पडेल, आणि कोडं एका फटक्यात सुटेल. पण लोखंडाने एवढा ऑक्सिजन घेतल्याची खूण सापडली नाही. शेवटी बोट गेलं ते कोणाच्याच यादीत नसलेल्या वस्तूकडे: काँक्रीट.

सिमेंट पाण्याशी मिळून घट्ट होताना त्यात कॅल्शिअम हायड्रॉक्साइड तयार होतं, म्हणजे आपला विरलेला चुना. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा चुनखडी होतो. भिंतीला दिलेली चुन्याची सफेदी कडक होते ती यामुळेच. काँक्रीटमध्येही हे सगळीकडे घडत असतं, पण फार सावकाश. इथे मात्र काँक्रीट ताजं होतं, उघडं होतं, हवा दमट होती आणि कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या कितीतरी पट. काँक्रीटचे नमुने काढले, आतल्या काँक्रीटमध्ये कार्बोनेट भरपूर सापडलं, आणि त्यातल्या कार्बनच्या समस्थानिकांचं (वेगवेगळ्या वजनाच्या कार्बन अणूंचं) प्रमाण हा कार्बन आतल्या हवेतलाच असल्याचं सांगत होतं. निष्कर्ष १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑक्सिजन मातीतल्या सूक्ष्मजीवांनी वापरला होता. त्यांनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड भिंतींनी गिळला होता.

भिंतींनी त्या आठ जणांवर उपकार केले की अपकार, यावर मी बराच विचार केला आहे. काँक्रीट नसतं तर कार्बन डायऑक्साइड भराभर चढला असता आणि प्रयोग काही महिन्यांतच थांबवावा लागला असता. पण मग दुखणंही तेव्हाच कळलं असतं. काँक्रीटने विष काढून घेतलं आणि त्याबरोबर इशाराही काढून घेतला. त्याहून वाईट म्हणजे, तो कार्बन डायऑक्साइड हवेत राहिला असता तर पानांनी कधीतरी त्याचं अन्न करून ऑक्सिजन मोकळा केला असता. दगड झालेल्या कार्बनपर्यंत पान पोचू शकत नाही.

टँकर आणि त्यानंतर

जानेवारी १९९३ मध्ये बाहेरून ऑक्सिजन सोडायचं ठरलं. द्रवरूप ऑक्सिजन ट्रकने आणून एका ‘फुप्फुसा’तून आत दिला गेला आणि प्रमाण १९ टक्क्यांच्या आसपास नेलं. कित्येक महिन्यांनी पळावंसं वाटलं, असं आतल्यांनी नंतर सांगितलं. ‘बंद’ प्रयोगाचा बंदपणा मोडला म्हणून टीकाही झाली. माझ्या मते तो निर्णय उशिरा झाला, चुकीचा मुळीच नव्हता. झोपेत श्वास अडकणाऱ्या माणसांना नियमासाठी तसंच ठेवण्याने कोणतंही विज्ञान पुढे गेलं नसतं. २६ सप्टेंबर १९९३ ला आठही जण ठरल्याप्रमाणे बाहेर आले.

आतल्या इतर जिवांचं काय झालं, तेही नोंदवायला हवं. पाठीचा कणा असलेल्या २५ लहान प्राणिजातींपैकी १९ नाहीशा झाल्या. परागीभवन करणारे कीटक गेले. झुरळं आणि एका जातीच्या मुंग्या मात्र उदंड वाढल्या. याचं सगळं खापर ऑक्सिजनवर फोडता येणार नाही. जागा, अन्न, उजेड, एकमेकांची शिकार अशी बरीच कारणं त्यात आहेत.

हीच घसरण पृथ्वीवर का होत नाही, असा प्रश्न पडणं रास्त आहे, कारण माती इथेही श्वास घेते आणि खूप घेते. फरक कोठाराच्या आकारात आहे. ब्रोकर यांनी १९७० मध्येच हिशेब मांडला होता की माणसाला ठाऊक असलेले सगळे कोळसा-तेलाचे साठे जाळले तरी हवेतल्या ऑक्सिजनपैकी ३ टक्क्यांहून कमी खर्च होईल. जिवंत आणि कुजणाऱ्या पदार्थांच्या मानाने आपलं वातावरण इतकं मोठं आहे. बायोस्फिअर २ मध्ये ते गुणोत्तर उलटं होतं: पाहिजे तेवढी माती आणि ओंजळभर हवा. पाण्यात मात्र ऑक्सिजन मुळातच थोडा विरघळतो, म्हणून शेवाळ माजलेल्या तळ्यात ते शेवाळ मरून कुजू लागलं की एका रात्रीत मासे तरंगू लागतात. तिथेही मासे ऑक्सिजन संपवत नाहीत. संपवणारे तळाशी असतात.

मार्च १९९४ मध्ये दुसरी तुकडी आत गेली, त्याआधी काँक्रीटवर लेप देण्यात आला. ती मोहीम त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये संपली. पुढे कोलंबिया विद्यापीठाने ही वास्तू चालवायला घेतली, आणि जो वाढता कार्बन डायऑक्साइड आधी डोकेदुखी होता, तोच मुद्दाम कमी-जास्त करून तिथल्या छोट्या समुद्रात प्रवाळांवर त्याचा काय परिणाम होतो ते तपासलं. आज ती जागा ॲरिझोना विद्यापीठाकडे आहे आणि तिथे मातीवर काम चालतं.

पेशीत शिरलेल्या ऑक्सिजनचं शेवटी पाणी होतं आणि कार्बन डायऑक्साइडमधला ऑक्सिजन अन्न-पाण्यातून येतो, त्यामुळे कोणता अणू कुठे गेला हे काटेकोर सांगता येत नाही. पण जमाखर्चापुरतं बोलायचं तर १९९१ ते ९३ मध्ये हरवलेला तो ऑक्सिजन बराचसा अजून तिथेच आहे, त्या भिंतींच्या वरच्या थरात, चुनखडी होऊन.